मनमाड ते मुदखेड : गाडी कुठे थांबते, का थांबते

मनमाडहून निघून छत्रपती संभाजीनगर, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड करत मुदखेडला जाणारा लोहमार्ग आणि त्यावर माणसाला व मालाला मिळणारी सेवा, एवढाच या परीक्षणाचा आवाका. डबे स्वच्छ आहेत का, फलाटावरचा पंखा फिरतो का, हे विचारायचंच. पण या मार्गाची पारख वेगळ्या प्रश्नाने सुरू होते : वाटेत काय थांबतं, कुठे थांबतं आणि त्या थांबण्याची किंमत कोण मोजतं? सव्वाशे वर्षांत इंजिनं बदलली, मालक बदलले, रुळांचं माप बदललं. हा प्रश्न तेवढा जागच्या जागी आहे.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून हा मार्ग तयार झाला तो मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. मनमाडला समोर उभी असायची मुंबईची मोठी लाईन, १,६७६ मिलिमीटरची. विकाराबादहून परळीला आलेला मार्ग पुन्हा मोठ्या लाईनचा, पण परळी–परभणी तुकडा छोट्या लाईनचा, म्हणजे मीटरगेजचा. आणि लातूरला यायची ती बार्शी लाइट, ७६२ मिलिमीटर. एवढ्याशा मराठवाड्यात रुळांची तीन मापं आणि प्रत्येक माप दुसऱ्याला भेटलं की माल खाली उतरवायचा.

दुसऱ्या महायुद्धाने यात भर घातली. देशातली मीटरगेजची इंजिनं आणि वॅगनी लष्करासाठी मध्यपूर्वेत गेल्या, काही शाखांचे रूळ उखडून तिकडे पाठवले गेले. जे इथे उरलं त्यावर जास्तीचं ओझं लादलं आणि दुरुस्ती मागे पडत गेली. अमेरिकी लष्करासाठी बांधलेली ‘मॅकआर्थर’ जातीची मीटरगेज इंजिनं भारतात आली ती याच काळात, पुढे त्यांना एमएडब्ल्यूडी म्हणू लागले. युद्ध १९४५ मध्ये संपलं, पण हैदराबाद संस्थानाची सुटका व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. म्हणजे बाकीच्या जगापेक्षा मराठवाड्याचा ‘युद्धानंतरचा काळ’ तीन वर्षं उशिरा सुरू झाला. संस्थानाच्या हद्दीबाहेर मनमाड आणि बार्शीसारख्या रेल्वेच्या गावांत निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. जिथे माल गाडी बदलत होता, तिथूनच माणसं आणि निरोपही संस्थानात ये-जा करत होते.

जागतिक बँकेने भारताला दिलेलं पहिलं कर्ज रेल्वेसाठी होतं : ऑगस्ट १९४९, ३ कोटी ४० लाख डॉलर. तो पैसा मुख्यतः इंजिनांसाठी होता. १९५० मध्ये चित्तरंजनचा इंजिन कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये पेरांबूरचा डब्यांचा. मीटरगेजला वायपी आणि वायजी ही नवी प्रमाणित इंजिनं मिळाली. निजामाची रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली आणि बार्शी लाइट सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी ताब्यात घेतली. चाकं फिरती ठेवणं हीच त्या वेळची निकड होती, त्यामुळे पैसा इंजिनात घातला यात चूक काढता येत नाही. चूक पुढच्या चाळीस वर्षांतली आहे. नवी इंजिनं जुन्या मापावरच धावत राहिली. जपानची जुनी लाईनही १,०६७ मिलिमीटरची, आपल्या मीटरगेजच्या जवळपास. त्यांनी जागतिक बँकेचेच ८ कोटी डॉलर घेऊन तोक्यो–ओसाका दरम्यान वेगळ्या, रुंद मापाची लाईन टाकली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती सुरू केली. तुलना अन्यायाची आहे हे मान्य, तो देशाचा सर्वांत गजबजलेला पट्टा होता. पण माप बदलण्याचा निर्णय युद्धानंतरच्या पिढीतच घेता आला असता, एवढं त्यातून दिसतं.

माप न बदलण्याची किंमत मनमाडच्या शेडमध्ये मोजली जायची. एका बाजूला मोठ्या लाईनचा डबा, दुसऱ्या बाजूला छोट्या लाईनचा, मध्ये फलाट आणि त्यावर हमाल. परभणी, सेलू, मानवत, जालना भागातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली कापसाची गाठ १७० किलोची, ती ढकलत न्यायची. धान्याचं पोतं त्या काळी क्विंटलचं, ते पाठीवर. हमालाच्या हातातला लोखंडी आकडा रुतला की तागाचं पोतं फाटतं आणि धान्य सांडतं. सांडलेलं झाडून पुन्हा भरलं तर त्यात खडी आणि कोळशाची कणी येते, नाही भरलं तर वजनात तूट. दोन्ही मापांच्या डब्यांची क्षमता वेगळी, त्यामुळे दहा डब्यांतला माल बरोबर दहा डब्यांत कधी बसत नाही. शेवटच्या अर्ध्या डब्याचा माल पुढची गाडी भरेपर्यंत शेडमध्ये पडून राहतो. एका बाजूचे डबे आलेत आणि दुसऱ्या बाजूला रिकामे डबेच नाहीत, असं झालं की भरलेले डबेच गोदाम बनतात आणि मागची रांग वाढत जाते. पावसाळ्यात कापूस ओला आणि उन्हाळ्यात ठिणगीची भीती. चोरीचा हिशेब वेगळाच. हा सगळा खर्च माल पाठवणाऱ्याने शेवटी शेतकऱ्याच्या भावातून कापला, दुसरीकडून येणार कुठून?

याचा उलटा परिणाम मात्र मनमाडला लाभला. भारतीय अन्न महामंडळाचं मनमाडचं कोठार आशियातल्या मोठ्या कोठारांमध्ये गणलं जातं. शेजारी पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून टँकर मराठवाड्यात येतात. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो मराठवाड्यातल्या घराघरांत भाकरीसाठी पोहोचली. अशा वेळी धान्याला मनमाडची अदलाबदल ओलांडूनच मराठवाड्यात शिरावं लागायचं. मापातला फरक गेला तरी गोदामं आणि डेपो जागचे हलले नाहीत. एकदा माल जिथे थांबतो तिथे गाव वसतं आणि मग ते गाव मालाला थांबवून धरतं.

ब्रॉडगेजची मागणी मराठवाड्यात राजकारणाचा विषय झाली ती यामुळे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ती वर्षानुवर्षं लावून धरली, निवेदनं झाली, रेल रोको झाले. इथल्या सार्वजनिक जीवनात ‘रुंदीकरण’ हा शब्द पाणी आणि वीज यांच्या रांगेतला आहे. देशपातळीवर एकमाप योजना १९९२ मध्ये आली. त्याच दशकात मनमाड–नांदेड पट्टा टप्प्याटप्प्याने मोठ्या लाईनचा झाला. पूर्णा–अकोला २००८ पर्यंत थांबला.

रुंदीकरणाला गुण द्यायचे तर पूर्ण द्यावे लागतात आणि त्याचा सगळ्यात चोख पुरावा या मार्गावर नाही, लातूरला आहे. बार्शी लाइट ज्याने उभी केली तो इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याने एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ नये असा नियम केला, म्हणून हलके आणि स्वस्त रूळ चालले. १८९७ मध्ये बार्शीची लाईन सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. त्या काळासाठी ही हुशारी होती. पण पाच टनांचा आस म्हणजे चार आसांच्या डब्याला डब्याच्या वजनासकट वीस टन, त्यापलीकडे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणायची वेळ आली तेव्हा एका टाकी-डब्यात साधारण ५०,००० लिटर म्हणजे ५० टन पाणी होतं. पहिली गाडी १० डब्यांची, ५ लाख लिटरची, १२ एप्रिलला लातुरात पोहोचली. पुढे ५० डब्यांची गाडी एका खेपेत २५ लाख लिटर आणू लागली. त्याआधी तेल वाहणारे डबे वाफेने आतून धुवून घ्यावे लागले, मिरजेला नदीच्या पाण्याची नळजोडणी रुळापर्यंत न्यावी लागली आणि लातूरला डबे उपसायची सोय करावी लागली. मिरज–कुर्डुवाडी–लातूर मार्ग काही वर्षं आधी रुंद झाला नसता तर यातलं काहीच जमलं नसतं. एका खेपेचं पाणी छोट्या बार्शी लाइटने आणायला किती गाड्या लागल्या असत्या, ते वरच्या आकड्यांवरून ज्याचं त्याने काढावं.

आता मनमाड–मुदखेडवरच्या आजच्या प्रवासी सेवेकडे. मुंबईला जायला दिवसाची तपोवन, रात्रीची देवगिरी, नंदीग्राम आणि राज्यराणी आहेत. वंदे भारत जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली आणि तेव्हाच ८ डब्यांची २० डब्यांची झाली. डबे उत्तम, आसनं ठीक, शौचालयं या मार्गावरच्या इतर गाड्यांपेक्षा निःसंशय चांगली. पण नांदेड–मुंबई सुमारे ६१० किलोमीटरला ती साडेनऊ तासांच्या आसपास घेते. म्हणजे सरासरी ताशी ६४ किलोमीटर. ताशी १६० ला धावू शकणारी गाडी आणि हा वेग. तपोवनपेक्षा दोन-अडीच तास वाचतात, ते कमी नाहीत. पण तिकिटातला फरक वेगासाठी मोजताय की आसनासाठी, हे घेण्याआधी ठरवावं. आमच्या मते आसनासाठी.

वेग अडतो तो एकेरी लाईनवर. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनच्या लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, वळवून उभं करायचं, दुसरी मुख्य लाईनवरून जाऊ द्यायची, हे क्रॉसिंग. लूपमध्ये शिरताना सांधे बदललेले असतात, त्यामुळे वेग ताशी ३० किंवा त्याहूनही खाली आणावा लागतो. पुढच्या स्टेशनकडून लाईन क्लिअर मिळेपर्यंत सिग्नल पडत नाही. मीटरगेजच्या काळात हाच परवाना लोखंडी गोळ्याच्या रूपात ड्रायव्हरच्या हातात द्यायचे, आता यंत्रणा विजेची आहे पण तत्त्व तेच : दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी. एक गाडी वीस मिनिटं उशिरा आली की क्रॉसिंगचं स्टेशन बदलतं, त्याने तिसरी गाडी अडते आणि संध्याकाळपर्यंत सगळा वेळापत्रकाचा गुंता होतो. मालगाडीचं दुखणं आणखी वेगळं. पूर्ण लांबीच्या मालगाडीला सुमारे ७०० मीटरची लूप लागते. ज्या स्टेशनात तेवढी नाही तिथे तिला बाजूला घेताच येत नाही, म्हणून ती आधीच्या मोठ्या स्टेशनात तास-दीड तास उभी. प्रवाशाला दिसतं ते एवढंच की शेताच्या मधोमध गाडी थांबलीय आणि भेळवाला खूश आहे.

परभणी–मुदखेड दुहेरीकरण झालेलं आहे आणि त्या ८१ किलोमीटरमध्ये फरक लगेच जाणवतो. पूर्णेपाशी अकोल्याकडचा फाटा असूनही गाड्या रखडत नाहीत. मनमाडजवळचं अंकाई ते छत्रपती संभाजीनगर या ९८ किलोमीटरचं काम मंजूर होऊन चालू आहे. मधला छत्रपती संभाजीनगर–परभणी तुकडा, १७७ किलोमीटरचा, त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ३१ जुलै २०२५ रोजी. म्हणजे सगळ्यात लांब तुकडा सगळ्यात शेवटी. तोवर मुंबईहून येताना मनमाड सोडल्यावर वेळापत्रकापेक्षा तासभर जास्तीचा धरून पुढची एसटी ठरवावी. नांदेडहून दुसरी गाडी पकडायची असेल तर दोन तास.

तिकिटाबद्दल काही गोष्टी माहीत असाव्यात. औरंगाबाद स्टेशनाचं नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं आणि सांकेतिक अक्षरंही, आता ती सीपीएसएन आहेत. उस्मानाबादचं धाराशिव झालं त्याआधी, त्याची डीआरएसव्ही. जुनी अक्षरं टाकून गाडीच नाही असं समजू नये. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलितसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ ला, ऑनलाइन काढताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो फोन जवळ ठेवावा. जालना, परभणी, सेलूच्या प्रवाशांना खरा फटका बसतो तो कोट्याचा. गाडी सिकंदराबादकडून येत असेल तर मधल्या स्टेशनांना एकत्र मिळून थोडीच आसनं असतात आणि प्रतीक्षा यादी पूल्ड प्रकारची, म्हणजे पीक्यूडब्ल्यूएल. ती पुढे सरकते फार हळू. सुटण्याच्या स्टेशनापासून तिकीट काढलं तर यादी सर्वसाधारण, जीएनडब्ल्यूएल, मिळते आणि पक्कं व्हायची शक्यता बरीच वाढते. भाडं जास्त लागतं आणि चढण्याचं स्टेशन तक्ता लागण्याआधीच बदलून घ्यावं लागतं, नाहीतर आसन दुसऱ्याला जाऊ शकतं. प्रतीक्षा यादीतलं तिकीट हातात घेऊन आरक्षित डब्यात बसायचे दिवस आता गेले.

पार्सल सेवा उपयोगी आहे, पण तिची मर्यादा समजून वापरावी. गाडीच्या टोकाच्या एसएलआर डब्यात सामानाच्या दोन खोल्या, प्रत्येकी चार टनांच्या. गाडी सुटतानाच त्या भरलेल्या असतील तर परभणीला तुमच्या पेटीला जागा नाही, आणि दोन मिनिटांचा थांबा असलेल्या स्टेशनात उतरवणंही कठीण. शक्यतो मोठ्या स्टेशनाहून मोठ्या स्टेशनाला पाठवावं. दुचाकी पाठवायची तर पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी, आरशे काढून, पोत्याने आणि गवताने हँडल, दिवे, टाकी बांधून न्यावी. नोंदणी पुस्तकाची प्रत आणि ओळखपत्र लागतं. कुठून कुठे हे दोन ठिकाणी लिहिलेलं असावं, एक पाटी आणि एक थेट पोत्यावर, कारण पाटी घासून निघते. पोहोचल्यावर वेळेत सोडवलं नाही तर तासावर आकार चढत जातो.

मालवाहतुकीत जानेवारी २०२१ मध्ये नांदेड विभागातल्या नगरसोलहून किसान रेल सुरू झाली तो प्रयोग बघण्यासारखा होता. कांदा गुवाहाटीकडे गेला. पार्सल व्हॅनमध्ये २३ टन बसतात, फळं-भाज्यांच्या भाड्यावर ५० टक्के अनुदान होतं. कांदा जाळीच्या गोणीतच हवा, थप्प्यांमध्ये वारा खेळता ठेवावा लागतो, नाहीतर तो आतून तापतो आणि कोंब फुटतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात गाडी किती वेळ उन्हात उभी राहिली यावर तिकडचा भाव ठरतो. म्हणजे इथेही शेवटी क्रॉसिंगच. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना आणि खताच्या व्यापाऱ्यांना पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरता येतो, मोसंबीवाल्याला येत नाही. छोट्या शेतकऱ्यासाठी रेल्वेने अजून सोयीचं काही दिलेलं नाही, ट्रकच बरा पडतो.

प्रशासनात गुण कमी. नांदेड विभाग १ एप्रिल २००३ ला झाला, पण तो दक्षिण मध्य रेल्वेत आणि मुख्यालय सिकंदराबादला. मनमाड जंक्शन मध्य रेल्वेचं, लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. मराठवाड्याच्या प्रवाशाला बहुतेक वेळा जायचं असतं मुंबई-पुण्याला आणि मागणी पोहोचवायची असते सिकंदराबादला. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा ही मागणी म्हणूनच जुनी आहे. गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत वाढवली की इथे ‘गाडी पळवली’ असं म्हणतात. २०१७ मध्ये लातूर–मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं ते उगाच नाही : सुटण्याचं स्टेशन गेलं की कोटा जातो.

बीडबद्दल एक नोंद. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, खर्चाचा अर्धा वाटा राज्याचा. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, बीड–अहिल्यानगर गाडी धावली. बीडचा माणूस आता पश्चिमेला रेल्वेने जाऊ शकतो. पुण्याला जायचं तर अहिल्यानगरला बदल करावा लागतो, तेव्हा पुढच्या गाडीची वेळ आधी बघून मगच निघावं. पूर्वेला बीड–परळी रूळ अजून जोडलेले नाहीत. जोडले गेले की नांदेडला मनमाड टाळून पुण्याची आणखी एक वाट मिळेल. तोवर बीडहून परळीला एसटीच.